ठिसूळ हाडांच्या मुलांच्या कण्याचे एक्स-रे: कधी, कसे आणि त्यात काय पाहायचं

मांडीचं हाड मोडलं की सगळ्या घराला कळतं. मूल किंचाळतं, पाय सुजतो, प्लास्टर चढतं. मणका मोडतो तेव्हा बरेचदा कुणालाच पत्ता लागत नाही. मूल रात्री कूस बदलताना कण्हतं, चार दिवस मांडीवर बसायला कुरकुरतं आणि पुन्हा खेळायला लागतं. ऑस्टिओजेनेसिस इम्पर्फेक्टा, म्हणजे ओआय, हा हाडं ठिसूळ करणारा जनुकीय आजार असलेल्या मुलांच्या मणक्यांची कितीतरी फ्रॅक्चर अशीच निघून जातात. वर्षभराने कुणीतरी विचारतं, याची उंची का वाढत नाही, हा पोक काढून का बसतो? म्हणूनच या मुलांच्या कण्याचा एक्स-रे पाठ दुखण्याची वाट न पाहता, ठरलेल्या अंतराने काढायचा असतो.

ज्यांच्या बाळाचं निदान नुकतंच झालं आहे त्या आईवडिलांसाठी आणि ज्यांच्या टेबलावर असं मूल पहिल्यांदाच येणार आहे त्या एक्स-रे टेक्निशियनसाठी हे लिहिलं आहे. एकमेकांचा भागही जरूर वाचा. टेबलापाशी दोघांना मिळूनच काम करायचं असतं.

मणका कसा बसतो

ओआय साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. बहुतेकांत दोष असतो तो सीओएल१ए१ किंवा सीओएल१ए२ या जनुकांत. त्यामुळे पहिल्या प्रकारचं कोलॅजन, म्हणजे हाडाचा मूळ ताणा, कमी तरी बनतो किंवा सदोष तरी. मणका म्हणजे पातळ कवचाचा, आतून जाळीदार हाडाचा डबा. दोन मणक्यांमधली चकती या मुलांत हाडापेक्षा चिवट ठरते, ती वरून आणि खालून हाडात घुसते आणि मणका मधोमध दबतो. बाजूने पाहिलं तर त्याच्या दोन्ही कडा आत वळलेल्या दिसतात. छातीच्या मधल्या भागात कणा मुळातच थोडा पुढे झुकलेला, तिथे भार पुढच्या बाजूवर येतो आणि मणका पाचरीसारखा पुढून बसतो. अशा पाचरी एकाखाली एक साठल्या की पोक येतो, धड आखूड होतं, फुप्फुसांना जागा कमी पडते.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे वाढत्या वयात बसलेला मणका पुन्हा भरून येऊ शकतो. माँट्रियलच्या फ्रान्सिस ग्लोरिओ यांच्या गटाने १९९८ मध्ये पॅमिड्रोनेटच्या सलाइनचे परिणाम प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून बिस्फॉस्फोनेट गटातली (पॅमिड्रोनेट त्यातलंच एक), हाडाची झीज रोखणारी औषधं या मुलांच्या उपचाराचा मुख्य भाग झाली. औषध चालू असताना दबलेले मणके पुढच्या काही वर्षांत उंच होताना एक्स-रेवर दिसतात. पण हे वाढ चालू असेपर्यंतच होतं. हातापायाची फ्रॅक्चर फारशी न झालेल्या सौम्य प्रकारच्या मुलातही मणका बसलेला सापडला, तर औषध सुरू करायचं की नाही हा निर्णय त्या एका फोटोवर फिरू शकतो.

कोणता फोटो आणि किती वेळा

चिठ्ठीवर नुसतं ‘स्पाइन एक्स-रे’ लिहिलेलं असेल तर विचारून घ्या. आपल्याला मुख्यतः हवा असतो तो बाजूचा, म्हणजे लॅटरल फोटो, छातीच्या मणक्यांचा आणि कमरेच्या मणक्यांचा. समोरच्या फोटोत बसलेला मणका सहज निसटतो. समोरचा फोटो लागतो तो कणा बाजूला वाकतोय अशी शंका असेल तेव्हा.

पहिला फोटो निदान झाल्यावर आणि औषधाचं पहिलं सलाइन लावण्याआधी काढा. हा फार महत्त्वाचा, कारण पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशीच होते. घाईत औषध सुरू झालं आणि आधीचा फोटोच नाही, अशी वेळ आली तर औषधाने नेमकं काय साधलं हे कधीच सांगता येत नाही. त्यानंतर वाढ पूर्ण होईपर्यंत साधारण वर्षा-दोन वर्षांनी. मधेच पाठ दुखली, मूल उभं राहीनासं झालं किंवा उंची अचानक अडली, तर ठरलेली तारीख येईपर्यंत थांबू नका.

किरणांची भीती वाटणं स्वाभाविक आहे. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट प्रारण मिळतंच, आणि लहान मुलाच्या कण्याच्या बाजूच्या फोटोंचा डोस नीट काढल्यास त्याच्या आतच राहतो. नुकसान होतं ते फोटो बिघडून तीन-तीनदा काढावा लागतो तेव्हा. म्हणून सगळी काळजी एकाच प्रयत्नात चांगला फोटो मिळावा याची घ्यायची.

निघण्यापूर्वी घरी

पुढून पूर्ण उघडणारा सुती सदरा किंवा झबलं घाला. डोक्यावरून काढावा लागणारा टी-शर्ट म्हणजे दोन्ही हात वर खेचणं, आणि दंडाचं हाड त्यातच जाऊ शकतं. कमरेचा चांदीचा करदोटा, गळ्यातला ताईत, साखळी घरीच काढून ठेवा. करदोटा नेमका कमरेच्या मणक्यांवर येतो आणि पांढरी रेघ उमटवतो. मानेचा फोटो असेल तर केसांतल्या पिना आणि क्लिपाही नकोत.

सोबत घ्यायच्या वस्तू: घरची मऊ चादर, दोन छोट्या उश्या, मुलाचं आवडतं खेळणं, जुन्या फोटोंच्या सीडी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावर ‘ओआय, हाडं ठिसूळ, ओढू नये’ असं ठळक लिहून घ्या. निदान झाल्याचं पत्र कायम पिशवीत असू द्या. अनेक जुनी फ्रॅक्चर एकदम दिसली की नव्या ठिकाणी मारहाणीची शंका घेतली जाते. तसं विचारणं त्यांचं कामच आहे, पण पत्र जवळ असलं की तुमची ससेहोलपट टळते.

मुलाबरोबर आत एक जण थांबतो, लेड एप्रन घालून. आईला दिवस गेले असतील किंवा नुसती शंका असेल तर दुसऱ्या कुणीतरी आत जावं, आणि हे टेक्निशियनला आधीच सांगावं. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना असावा लागतो. तो विचारायला संकोच करू नका.

टेबलावर उचलून ठेवताना

इथे घाई केली की एक्स-रे काढायला आलेलं मूल नवं फ्रॅक्चर घेऊन जातं. काखेत हात घालून उचलू नका. बरगड्या आणि दंड दोन्ही धोक्यात येतात. घोटे धरून पाय वर करू नका, लंगोट बदलतानाही नाही. हात धरून उठवू नका. तान्हं असेल तर एक तळवा बोटं पसरून डोकं आणि खांद्यांखाली, दुसरा तसाच कुल्ल्यांखाली, आणि सगळं बाळ एकसंध उचला. मोठं मूल असेल तर ते ज्या चादरीवर आहे ती चादरच चौघांनी चार कोपरे ताठ धरून सरकवायची.

बोलणारं मूल असेल तर सगळ्यात उत्तम उपाय त्याच्याकडेच असतो. ‘बाळा, तूच वळ, आम्ही थांबतो. दुखलं की सांग.’ या मुलांना कुठला सांधा कुठवर जातो हे आपल्यापेक्षा नीट माहीत असतं. दोन मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

हातापायांवर वाळूच्या पिशव्या ठेवू नका, पट्ट्यांनी बांधू नका. टेबल थंड असतं आणि मूल दचकतं, म्हणून आधी चादर अंथरा.

टेक्निशियनसाठी: बाजूचा फोटो

मूल कुशीवर, गुडघे आणि मांड्या जेवढ्या सहज वाकतात तेवढ्याच वाकलेल्या. दोन गुडघ्यांत उशी, नाहीतर वरचा पाय पुढे घसरतो आणि कंबर पिळली जाते. हात डोक्यावर खेचू नका. छातीसमोर उशी किंवा खेळणं कवटाळायला द्या, दंड आपोआप पुढे येतात. पहिले दोन-तीन मणके खांद्याआड जातील. जाऊ द्या. टी-४ (छातीचा चौथा मणका) पासून खाली स्वच्छ मिळालं तर काम झालं.

कमरेखाली पोकळी राहत असेल तर तिथे फोमची पाचर सरकवा. कण्याची रेघ टेबलाला समांतर हवी. आधीच कणा वाकलेला असेल तर त्याचा फुगवटा टेबलाकडे ठेवा. तिरप्या पसरणाऱ्या किरणांना मणक्यांमधल्या फटी तेव्हाच सापडतात.

छातीसाठी केंद्र टी-७ वर, म्हणजे खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाच्या पातळीत. कमरेसाठी एल-३ वर, म्हणजे कमरेच्या तिसऱ्या मणक्यावर. दोन वेगळे फोटो काढण्यामागे कारण आहे. किरण केंद्रापासून दूर तिरपे जातात, तिथल्या मणक्याच्या वरच्या-खालच्या कडा दुहेरी, अंडाकार दिसतात आणि धडधाकट मणकाही मधे दबल्यासारखा भासतो. एकाच फोटोत सगळा कणा कोंबला की टोकाच्या मणक्यांवर खोटं फ्रॅक्चर वाचलं जातं. तान्ह्या बाळाचा कणाच एवढा छोटा असतो की तिथे एका फोटोत भागतं.

मूल फार दुखण्यात असेल तर कुशीवर वळवूच नका. पाठीवर तसंच राहू द्या, प्लेट बाजूला उभी करा, ट्यूब आडवी फिरवा आणि आडव्या किरणाने फोटो घ्या. टेबलातून पाठीचा भाग कापला जाऊ नये म्हणून खाली पातळ फोम घाला.

केव्ही, म्हणजे किरणांचा जोर ठरवणारा दाब, तेवढ्याच जाडीच्या इतर मुलापेक्षा थोडा खाली. या हाडांत खनिज कमी, किरण जास्त कडक असले की मणक्याच्या कडा विरून जातात. अंग बारीक असेल तर ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) काढून टाका, डोस बराच वाचतो. एक्स्पोजरचा वेळ शक्य तितका कमी. मोठ्यांमध्ये बरगड्या पुसट करायला हळू श्वास घेत काढायची पद्धत असते, ती लहान मुलात सहसा फसते. कोलिमेशन, म्हणजे किरणांचा झोत, कण्याच्या रुंदीपुरतं. कमरेवर किंवा माकडहाडावर लेडचा तुकडा ठेवू नका, बघायचंय तेच झाकलं जातं.

फोटो आला की मूल टेबलावर असतानाच तपासा. मणक्याची मागची कड एकेरी दिसते का? दुहेरी असेल तर धड पिळलं गेलंय. कडांवर हललेली झाक आहे का? आणि कोपऱ्यात लिहा: झोपून, बसून की उभं राहून. ते लिहिलं नाही तर पुढच्या वर्षीची तुलना फुकट जाते.

फोटोत काय बघतात

प्रत्येक मणक्याची पुढची, मधली आणि मागची उंची मोजतात. मागून १२ मिलिमीटर आणि पुढून ८ असेल तर एक तृतीयांश उंची गेली. २० टक्क्यांहून जास्त घट असली की फ्रॅक्चर धरतात. फ्रॅक्चरची तीव्रता ठरवणाऱ्या गेनांट पद्धतीत २० ते २५ टक्के सौम्य, २५ ते ४० मध्यम आणि त्याहून जास्त तीव्र. तीनही उंची सारख्याच घटल्या असतील, मणका भाकरीसारखा चपटा झाला असेल, तर शेजारच्या मणक्याशी ताडून बघतात. रिपोर्टात अशा वेळी ‘प्लॅटिस्पाँडिली’ हा शब्द येतो. ‘बायकॉनकेव्ह’ किंवा ‘कॉडफिश’ म्हणजे मधोमध दबलेला.

मुलांचे मणके मोठ्यांसारखे चौकोनी नसतात, इथे नवशिका वाचणारा हमखास चुकतो. बाळाचा मणका गोलसर असतो, पुढच्या कडेवर रक्तवाहिनीची खाच असते आणि टी-११ ते एल-१ या भागात थोडी पाचर निरोगी मुलातही दिसते. उलट बाजूने, ‘सगळेच थोडे दबलेत, म्हणजे याचे तसेच असतील’ असं म्हणून खरी फ्रॅक्चर सोडली जातात. जुना फोटो शेजारी लावल्याशिवाय यातलं काहीच खात्रीने सांगता येत नाही. मुलांची हाडं नेहमी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून रिपोर्ट घेता आला तर जरूर घ्या.

बिस्फॉस्फोनेट चालू असलेल्या मुलाच्या फोटोत आणखी एक चित्र दिसतं. मांडीच्या, नडगीच्या टोकांशी एकामागे एक पांढऱ्या समांतर रेघा, जणू झेब्र्याचे पट्टे. प्रत्येक सलाइनची एक रेघ, आणि दोन रेघांमधलं अंतर म्हणजे मधल्या काळातली वाढ. मणक्यात तेच मणक्याच्या आत छोटा मणका काढल्यासारखं दिसतं. हा औषधाचा ठसा आहे, नवा आजार नव्हे. आणि फोटो ‘पांढरा’ दिसला म्हणून हाडं भरली असं मानू नका. डिजिटल यंत्र चित्राचा काळा-पांढरेपणा आपणच जुळवून घेतं.

बाजूच्या फोटोत शेवटच्या मणक्यापर्यंत नजर न्या. एल-५ त्याच्या खालच्या त्रिकास्थीवरून पुढे सरकलेला या मुलांत सापडू शकतो.

डेक्साच्या कागदावर

डेक्सा यंत्र हाडाची घनता मोजतं, मुलांत बहुधा एल-१ ते एल-४ ची आणि डोकं सोडून सगळ्या शरीराची. कागदावर टी-स्कोअर छापून आला असेल तर तो आकडा बाजूला ठेवा. टी-स्कोअर मुलाची तुलना तरुण प्रौढाशी करतो, म्हणजे सात वर्षांच्या कुठल्याही मुलाचा तो वाईटच येणार. मुलांसाठी फक्त झेड-स्कोअर, त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांशी ताडलेला. उणे २ किंवा त्याखाली म्हणजे कमी. मूल वयाच्या मानाने ठेंगणं असेल, आणि यातली बरीच असतात, तर उंचीप्रमाणे दुरुस्त केलेला आकडा मागा. नाहीतर हाड लहान असल्यामुळेच घनता कमी भासते.

उलटा सापळाही आहे. मणका बसला की तेच खनिज छोट्या जागेत दाबलं जातं आणि घनता वाढलेली दिसते. आकडा सुधारला म्हणून आनंद होतो आणि प्रत्यक्षात मणका मोडलेला असतो. म्हणून डेक्साचा आकडा बाजूच्या फोटोशिवाय वाचू नये. नव्या डेक्सा यंत्रांवर कण्याचं बाजूचं चित्रही काढता येतं. त्याचा डोस एक्स-रेच्या मानाने फारच कमी, आणि सराव असलेल्या माणसाने वाचलं तर मणक्याची फ्रॅक्चर शोधायला ते पुरतं. वारंवार तपासणी लागणाऱ्या मुलांसाठी ही सोय जवळपास असेल तर आम्ही तीच आधी सुचवू.

कणा बाजूला वाकला तर

घरी महिन्याकाठी एकदा मुलाला उघड्या पाठीने बसवून मागून पाहा. एक खांदा वर, एक फरा जास्त बाहेर, कमरेची एक घडी खोल, असं काही दिसलं तर सांगा. पुढे जोराने वाकवून पाहू नका, तो भार नेमका मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो.

समोरच्या फोटोवर कॉब कोन, म्हणजे कणा बाजूला किती अंश वाकला ते, मोजतात. १० अंशांच्या पुढे स्कोलिओसिस. चालतं मूल असेल तर उभं, नाहीतर बसवून फोटो घ्यावा. झोपून काढला तर वाक कमी दिसतो. गेल्या वर्षी झोपून आणि यंदा बसून काढलेल्या फोटोंतला फरक हा वाढलेला वाक नव्हे, हे लक्षात न घेतल्याने किती घरांची झोप उडते! किरण शक्यतो पाठीकडून जाऊ द्यावेत, छातीच्या भागाला डोस कमी मिळतो. ईओएस नावाच्या यंत्रात समोरचा आणि बाजूचा फोटो एकाच वेळी, कमी डोसमध्ये निघतो. त्याचं तंत्र १९९२ चे भौतिकीचे नोबेल मानकरी जॉर्ज शार्पाक यांच्या शोधातून आलं. मात्र मुलाला काही सेकंद अजिबात न हलता राहावं लागतं.

पट्टा लावून वाक थांबेल अशी आशा ओआयमध्ये ठेवू नये. बरगड्या इतक्या मऊ असतात की दाब कण्यापर्यंत पोचण्याआधी बरगड्याच वाकतात. वाक वाढताना दिसला तर कण्याच्या अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचा सल्ला लवकर घ्या.

मान आणि कवटीचा जोड

मध्यम आणि तीव्र प्रकारच्या मुलांत, विशेषतः ज्यांचे दात पिवळट-राखाडी, अर्धपारदर्शक आहेत त्यांच्यात, कवटीचा तळ मऊ पडून मानेच्या दुसऱ्या मणक्याचा दांडा वर घुसू शकतो. याला बॅसिलर इन्व्हॅजिनेशन म्हणतात. बाजूच्या फोटोत तोंडातल्या कडक टाळूच्या मागच्या कडेपासून कवटीच्या मागच्या भागाच्या सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत मॅकग्रेगरची रेघ काढतात. दांड्याचं टोक तिच्यावर साधारण ५ मिलिमीटरहून जास्त गेलं तर पुढचा तपास हवा. फोटो मान सरळ ठेवूनच. मान जोराने मागेपुढे वाकवून फोटो काढायला कुणी सांगितलं तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा.

खोकताना किंवा हसताना डोक्याच्या मागे कळ येणं, गिळताना ठसका, बोटांची ताकद कमी होणं, डोळे आपोआप हलणं, चाल डळमळणं यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. इथे खरं उत्तर एमआरआय देतो. त्यात किरणं नसतात, पण मूल वीस-तीस मिनिटं स्थिर राहायला हवं, म्हणून लहानांना भूल लागते. भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी आधीच सांगा: मान मागे ताणू नका, दात सहज तुटतात, आणि रक्तदाबाचा पट्टा दंडावर घट्ट फुगला तर हाड मोडू शकतं. मांडीत रॉड (हाडाला आधार देणारी धातूची सळई) असेल तर शस्त्रक्रियेच्या कागदावरून त्याची कंपनी आणि धातू लिहून न्या. रॉडजवळचं चित्र बिघडतं, कण्याचं सहसा नीट येतं. सीटीचा डोस बराच जास्त, तो शस्त्रक्रिया ठरवतानाच.

फोटो जपून ठेवा

रिपोर्टाचा कागद पुरत नाही, मूळ चित्रं डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या मूळ संगणकी फाइल) स्वरूपात सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या. खिडकीच्या उजेडात फिल्म धरून मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला तर तिरकेपणाने मणक्याची उंची बदलते, आणि तीच तर मोजायची असते. एका वहीत प्रत्येक फोटोची तारीख, मुलाची उंची, वजन, बसून-झोपून, आणि त्या आधीच्या सलाइनची तारीख लिहा. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये ओआयचा दुसऱ्या गटात समावेश आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्या धोरणाखालच्या केंद्रांपैकी एक आहे. तिथे किंवा कुठेही नव्या डॉक्टरांकडे जाताना वही आणि पहिल्या फोटोची सीडी पिशवीत सगळ्यांत वर ठेवा. सीडीची एक प्रत आजी-आजोबांच्या किंवा मामाच्या घरीही असू द्या.